नवरीच्या हातात नाचणीची कणसं

बहाव्याच्या फुलांचा बुके करू नका, हे मी सगळ्यात आधी सांगते. पाच वर्षांपूर्वी वैशाखात आटगावच्या पुढे, तानसाच्या रस्त्यावरच्या एका गावात माझ्या मावसबहिणीच्या लेकीचं लग्न होतं. परसातला बहावा असा फुलला होता की झाडावर पान दिसत नव्हतं. पोरीचा हट्ट, हातात बहावाच हवा. सकाळी सहाला शिडी लावून आम्ही बारा झुंबरं उतरवली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून न्हाणीघरात ठेवली. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. साडेअकराला गुच्छ बांधला तेव्हा फुलं टवटवीत होती. घरापासून मांडवापर्यंत शंभर पावलं, पण ऊन रणरणत होतं. वाजंत्री सुरू झाली, नवरी उंबऱ्याबाहेर आली आणि पाकळ्या गळायला लागल्या. मांडवाच्या दारात पोचेपर्यंत तिच्या हातात हिरवे दांडे उरले होते आणि मागे पिवळा सडा. पोरीचे डोळे भरून आले.

तिची आजी काही न बोलता आत गेली. माळ्यावर आढ्याला नाचणीच्या कणसांची जुडी बियाण्यासाठी टांगलेली होती. ती तिने काढली, फुंकर मारून धूळ उडवली, देवघरातला लाल दोरा गुंडाळला आणि नातीच्या हातात दिली. म्हणाली, "घे, ही नाय गलायची."

नाचणीचं कणीस जवळून पाहिलंय का कधी? पाच-सहा बोटं आत वळलेली, मिटत आलेल्या मुठीसारखी. लांबून तपकिरी दिसतं, पण उन्हात धरलं की दाण्यादाण्यातून तांबूस चमक येते. हिरव्या शालूवर, हिरव्या चुड्याच्या हातात ती जुडी इतकी शोभली की फोटोवाल्याने बाकीची कामं सोडून आधी तिच्या हातांचे फोटो काढले. त्या दिवसापासून शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या बऱ्याच लग्नांत मी गुच्छ बांधले. काही फसले, बरेच जमले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे. दादरहून थर्माकोलच्या खोक्यात येणाऱ्या जर्बेराला आणि पॉलिहाउसच्या गुलाबाला माझा विरोध नाही. पण लग्नाच्या महिन्यात आपल्याच बांधावर, परसात, कणगीत काय आहे ते आधी पाहा आणि मग दुकानाची पायरी चढा, एवढाच माझा आग्रह आहे.

हात मोकळे केव्हा असतात

आपल्या लग्नात बुकेला जागा कुठे आहे, ते आधी ठरवावं. अंतरपाट धरला की नवरीच्या हातात वरमाला असते. मग कन्यादान, मग होमात लाह्या. या सगळ्यात तिला बुके धरायला हात नाही. तो लागतो दोनदा. एकदा मामा तिला मांडवात घेऊन येतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा स्वागत समारंभात पाहुणे भेटायला येतात तेव्हा. पहिला प्रसंग दहा मिनिटांचा, दुसरा तीन-चार तासांचा. मी दोन वेगळे गुच्छ सुचवते. मांडवात येताना नाजूक, सुवासिक, थोडा वेळ टिकणारा. स्वागताला दाण्यांचा, पानांचा, न कोमेजणारा.

हातातला गुच्छ ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. शेवंती आणि गुलाब काडीभोवती आवळून, वर जर फिरवून फुलारी गुच्छ करत. हारतुरे आणि हारगुच्छ हे शब्द अजून आपल्या तोंडी आहेत. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे करवलीचा करा. तांब्या, त्यात पाणी, तोंडाशी आंब्याची पानं, वर नारळ. माझ्या लेखी लग्नातला पहिला गुच्छ हाच. तरीही सगळी सजावट नवरीसाठी होते आणि करवलीच्या हाती कोरा तांब्या येतो. त्याच्या गळ्याभोवती अबोलीचा वळेसर बांधा, आंब्याच्या पानांत चार तुळशीच्या मंजिऱ्या खोवा. करवली आठ वर्षांची असली तरी तिची मान ताठ होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

घरच्या झाडाची फांदी गुच्छात असावी, ही हौस जगभर आहे. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या लेकीने १८५८ मध्ये लग्नात मर्टल नावाच्या सुवासिक झुडपाची डहाळी हातात धरली. तेव्हापासून त्या घराण्यातल्या नववधूंच्या गुच्छात आजही राणीच्या ऑस्बोर्नच्या बागेतल्या मर्टलची एक काडी घालतात. राजवाड्याला जर घरच्या झाडाचं एवढं अप्रूप, तर आपल्या परसातल्या कढीपत्त्याने काय पाप केलंय? कढीपत्त्याची डहाळी हिरवळ म्हणून खरंच छान बसते. पानं लहान, चकचकीत आणि वासाची.

महिन्याप्रमाणे माल

लग्नाची तारीख कळली की मी पहिला प्रश्न विचारते, तेव्हा शेतात काय उभं असेल?

तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त भाताचे. हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापलं जातं, गरवं दिवाळीनंतर. गुच्छासाठी लोंब्या हव्या असतील तर कापणीच्या आठ दिवस आधी शेतात जावं. दाणा भरलेला पण लोंबी पुरती पिवळी झालेली नाही, खाली मान घातलेली आहे आणि देठात अजून हिरवी छटा आहे, अशी वेळ साधायची. पूर्ण पिकलेली लोंबी सुकवली की हात लागताच दाणे गळतात आणि शालूभर होतात. देठ हातभर लांब ठेवून कापा. वीस-वीसच्या जुड्या करून सावलीत, वारा लागेल अशा जागी, उलट्या टांगा. उन्हात वाळवल्या की रंग उडतो. दहा-बारा दिवसांत त्या तयार होतात आणि पुढे वर्षभर टिकतात, फक्त उंदरांपासून सांभाळायला लागतात. दाण्याला लांब कुसळ असलेली जात टाळा, ते जरीत आणि पदराच्या काठात अडकतं. बारीक दाण्याचं कोलम सुंदर दिसतं. शेजारच्या वाडा तालुक्यातल्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या घरात तो तांदूळ पिकतो त्या घरच्या मुलीने त्याच्या लोंब्या मिरवायला हव्यात.

नाचणीला एवढा जपणुकीचा त्रास नाही. ती वरकस जमिनीवर पिकते, कणीस घट्ट, दाणा सहजी सुटत नाही. बुकेत मी पंचवीस ते तीस कणसं घेते. कडेने वरीचे झुपकेदार तुरे, मध्ये लाल-पिवळा झेंडू आणि तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या. मंजिरीचा वास दुसऱ्या दिवशीही हाताला येतो.

इथे घरातली मोठी माणसं एक हरकत घेतात आणि ती डावलू नये. "शुभकार्यात वाळलेलं कशाला?" माझ्या आत्याने हेच विचारलं होतं. मी तिला दारावरच्या तोरणाकडे बोट दाखवलं. दसऱ्याला आपण आंब्याची पानं आणि झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या दाराला बांधतो, त्या महिनोन् महिने तिथेच असतात. कोणी त्यांना वाळलेल्या म्हणत नाही. ते धान्य आहे, घरात आलेली लक्ष्मी आहे. आत्याला ते पटलं. कुणाच्या आत्याला नाही पटलं तर दोन ताजी फुलं आणि एक हिरवी डहाळी घालावी. लग्नात कुणाच्या मनात किंतु राहू देऊ नये.

पौषात आपल्याकडे मुहूर्त धरत नाहीत. तो महिना तयारीचा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसाची जत्रा भरते, मोठा बैलबाजार असतो. तिथे बैलांच्या शिंगांना आणि गळ्यात बांधायला रंगीत लोकरीचे गोंडे, घुंगरं, कवड्या मिळतात. बुकेच्या मुठीला हे गोंडे बांधून पाहा. मी एका शेतकऱ्याच्या मुलीच्या बुकेला दोन लाल गोंडे आणि तीन घुंगरं लावली होती. ती चालली की बारीक आवाज यायचा आणि तिचे वडील प्रत्येक वेळी वळून बघायचे. त्या घरात बैलजोडी होती, म्हणून ते शोभलं. ज्या घरात बैल नाहीत तिथे मी हे सुचवत नाही.

माघात वालाच्या वेलाला फुलं आणि शेंगा एकदम असतात. भात निघालं की त्याच ओलीवर पेरलेला हा वाल आपल्याकडे घरोघरी. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा तुरा आणि खाली कोवळ्या शेंगा असा वेल बुकेतून खाली सोडला तर दुसऱ्या कुठल्या सजावटीची गरज लागत नाही. दुपारपर्यंत टिकतो, पाण्यात ठेवला तर संध्याकाळपर्यंत. याच दिवसांत ओली हळद निघते. गड्ड्यासकट दोन-तीन कांड्या स्वच्छ धुऊन केशरी शेवंतीबरोबर बांधल्या की हळदीच्या दिवसाचा बुके झाला. फक्त तुटलेल्या कांडीचा रस कपड्यावर उतरतो. त्या दिवशी सगळेच पिवळे होतात म्हणून चालतं, लग्नाच्या शालूजवळ मात्र नको.

फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर. तिन्ही झाडं पानं झाडून फुलतात, म्हणून फांद्यांवर नुसता रंग दिसतो. पळसाचं फूल फांदीवरून पटकन सुटतं. त्याऐवजी कळ्यांची फांदी घ्यावी. कळीचं काळपट मखमली टोपण आणि त्यातून डोकावणारं शेंदरी टोक, हे उमललेल्या फुलापेक्षाही देखणं आहे. सावरीला काटे असतात, ती तोडूच नये. पहाटे झाडाखाली तिची अख्खी फुलं पडलेली मिळतात, जाड पाकळ्यांची, जड, लालबुंद. ती वेचून नारळाच्या हिरावर ओवायची. एका हिरावर एकच फूल, हिराचं टोक देठाच्या बुंध्यातून वर काढायचं आणि वरून दिसणार नाही इतपत कापायचं. असे नऊ हीर एकत्र बांधले की हातात मावेल एवढा लाल गुच्छ होतो आणि झाडाचं काहीच गेलेलं नसतं. पांढऱ्या चाफ्याचंही असंच. फांदी तोडलीत तर चीक गळत राहतो, पडलेलं ताजं फूल हिरावर ओवलंत तर स्वच्छ.

आंब्याचा मोहर दिसायला मोहक, पण तो चिकट असतो आणि त्यात किडे नि मुंग्या असतात. मी तो वापरत नाही.

चैत्र-वैशाख मोगऱ्याचा. जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याच्या बागा आहेत, आपल्याकडेही कुंपणाला दोन-चार झाडं बहुतेक घरांत असतात. मोगरा कळीतच तोडावा लागतो, उमललेला मोगरा दुपारी पिवळा पडतो. सकाळी ऊन चढायच्या आत कळ्या तोडा, ओल्या मलमलीत सैल गुंडाळून मडक्याजवळ ठेवा, वर पाणी शिंपडत बसू नका. भिजलेल्या कळीवर तपकिरी डाग पडतात. सकाळी तोडलेली कळी सांजेला उमलते. म्हणून गोरज मुहूर्त असेल तर नवरीच्या हातात कळ्या द्या, अक्षता पडेपर्यंत त्या तिच्या हातात फुलतात आणि आजूबाजूची माणसं वास कुठून येतो ते शोधायला लागतात. दुपारच्या मुहूर्ताला ही गंमत नाही.

वैशाखासाठी माझी सगळ्यात आवडती कल्पना बुकेची नाहीच, विंझण्याची आहे. बांबूच्या पातळ बेळांचा विणलेला हातपंखा घ्या. त्याच्या कडेने मोगऱ्याच्या कळ्यांचा गजरा टाचा, मुठीशी अबोली. नवरी तो धरून मांडवात येते आणि उकाड्यात त्यानेच वारा घेते. वाळ्याचा पंखा मिळाला तर आणखी छान. त्याच्यावर पाणी मारलं की गारवा आणि वास दोन्ही. अशा पंख्याची ऐट काचेच्या मण्यांच्या बुकेला येत नाही आणि लग्नानंतर तो घरात वापरला जातो.

ताम्हण हे आपलं राज्यफूल, त्याच सुमारास जांभळं फुलतं. फोटोत अप्रतिम, हातात तासाभरात मलूल. झाडाखाली उभं राहून फोटो काढावा आणि फुलं झाडावर राहू द्यावीत.

रानातलं रानात

फाल्गुनाचं वर्णन वाचून कुणी कोयता घेऊन तानसाच्या रानात जाईल, म्हणून हे स्पष्ट लिहिते. तानसाचा बंधारा १८९२ चा, मुंबईला पाणी पाजणारा. त्याच्या भोवतीचं जंगल १९७० पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीवाचून कुठलीही वनोपज काढता येत नाही, त्यात फुलं आणि फांद्याही आल्या. कायदा बाजूला ठेवला तरी दुसरं कारण आहे. फाल्गुनात रान कोरडं पडतं तेव्हा पळस-पांगारा-सावरीच्या फुलांतला मध हा शिंजीर, मैना, कोतवाल यांचा आधार असतो. आणि हे रान साधंसुधं नाही. एकेकाळी नामशेष झाला असं मानलेला रानपिंगळा २०१४ मध्ये इथे दिसला. मोह वेचण्याचा, पानं गोळा करण्याचा हक्क तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आदिवासींचा आहे, लग्नाच्या हौसेला तो लागू होत नाही.

सगळ्यात मोठा मोह ज्येष्ठाच्या तोंडाशी पडतो. झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी फुलते, गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब लोंबता घोस. ते बघून कुठल्याही नवरीला वाटेल की हाच हातात हवा. हे रानऑर्किड आहे, त्याला वाढायला वर्षं लागतात. त्याला हात लावू नका. तसाच लोंबता आकार हवा असेल तर अबोलीची सैल वेणी वीतभर खाली सोडा. वालाचा वेलही आहेच.

काही झाडं बांधावरची असली तरी बुकेत घालायची नाहीत. लाल कण्हेर आणि पिवळी कण्हेर दोन्ही विषारी. लग्नात लहान मुलं बुके हातात घेतात, पाकळ्या तोंडात घालतात. धोतरा आणि कळलावी त्याच कारणासाठी नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. बिब्ब्याच्या झाडाखालून पानं आणू नका, अंगावर फोड उठतात. खाजकुइलीच्या शेंगांची सोनेरी लव सुंदर दिसते म्हणून एका शहरी पाहुणीने ती मागितली होती. मी तिला लांबूनच दाखवली.

बांधताना

बांधायची रीत भाताच्या पेंढीसारखी. डाव्या हाताच्या मुठीत पहिलं कणीस उभं धरा, पुढचं प्रत्येक किंचित तिरकं, सगळी एकाच दिशेला कललेली, आणि दर चार-पाच काड्यांनंतर मूठ थोडी फिरवा. असं केलं की वरचा घेर गोल येतो आणि खाली देठांची कंबर बारीक राहते. कंबरेला केळीच्या सोपटाचा ओला दोर आवळा. तो वाळताना आणखी आवळतो, शिवाय हाताला मऊ लागतो. तार शक्यतो नकोच, घातलीत तर तिचं टोक आत मुडपा. नवरीच्या बोटांना लागलेलं मी पाहिलं आहे. मूठ एक वीत लांब, घेर दोन वितींच्या आत आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. त्याहून जड झाला की तासाभरात मनगट दुखतं आणि बुके गुडघ्यापर्यंत खाली येतो. तो बेंबीच्या रेषेत धरायचा असतो, म्हणजे मंगळसूत्र आणि पदराचा काठ दोन्ही दिसतात.

फुलांच्या दुकानात हिरव्या स्पंजाची वीट मिळते, तिच्यात देठ खुपसतात. ती प्लास्टिकचीच जात, मातीत मिसळत नाही, तिचा चुरा होऊन पाण्यात जातो. आपल्याकडे केळीचं खोड आहे. वीतभर तुकडा कापा, फुलांचे देठ त्यात टोचा, दिवसभर ओल मिळते आणि दुसऱ्या दिवशी गुरांपुढे टाकता येतं. टेबलावरच्या सजावटीला मी दुसरं काही वापरत नाही. हातातल्या बुकेतल्या ताज्या फुलांना देठाशी ओल्या कापसाचा बोळा आणि त्यावर पळसाचं पान गुंडाळलं तर दोन तास जातात.

गुंडाळायला चकचकीत कागदाऐवजी पळसाची पानं घ्या. पत्रावळीसारखी काड्यांनी टाचून त्यांचा शंकू करा. आदल्या रात्री पानं पाण्यात टाका, म्हणजे दुमडताना फाटत नाहीत. आंब्याची कोवळी तांबूस पानं बघायला सुरेख, पण तासाभरात माना टाकतात. पान जूनच घ्यावं.

आणि रंगीत तालीम करा. लग्नाच्या आठवडाभर आधी, मुहूर्ताच्याच वेळी, तोच गुच्छ बांधून उन्हात दहा मिनिटं आणि मग सावलीत तीन तास ठेवा. बहाव्याच्या वेळी आम्ही हे केलं असतं तर दुपारची रडारड वाचली असती.

माणसं आणि वेळ

परडी, शिपतर, विंझणा, बुकेची बांबूची मूठ या गोष्टी आपल्याकडे हाताने विणणारी माणसं आहेत. पण शहापूर-मुरबाडमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत. वैशाखात जाऊन दार वाजवलंत तर वाडीवर म्हातारी माणसं भेटतील. म्हणून काम नवरात्रातच सांगा, आगाऊ पैसे द्या आणि घासाघीस करू नका. एका परडीला बांबू आणणं, तासणं, बेळ काढणं आणि विणणं मिळून दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी धरूनच किंमत ठरवावी. सजावटवाल्याच्या बिलात आपण हजारांचे आकडे मुकाट्याने भरतो.

मुठीवर वारली चित्रं काढून घ्यायची असतील तर चित्रकाराला एक गोष्ट विचारून घ्या. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत लग्न लावते. तो चौक देवाचा आहे, तो शोभेसाठी मुठीवर उतरवायचा नाही. तारप्याचा नाच, झाडं, मोर, भातलावणी यांना कुणाची हरकत नसते. आणि चित्र वारली माणसाकडूनच काढून घ्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज गावोगावी त्या कलेतली मुलं-मुली आहेत.

घरच्या बायकांना बरोबर घ्या. रुखवतात सुपारीची भातुकली आणि खारीक-बदामाची झाडं करणाऱ्या मावश्या-काकवा तुमच्याकडे असतीलच. त्यांच्या बोटांना हे काम शिकवायला लागत नाही. एका रुखवतात जाळीदार पिंपळपानांची फुलं पाहिली होती. पानं महिनाभर पाण्यात कुजवून, मऊ ब्रशने गर काढून केलेली. तीच पुढच्या वर्षी मी बुकेत घातली. जुन्या इरकलीच्या काठाची गुंडाळी करून केलेले गुलाबही तसेच. आजीच्या फाटलेल्या लुगड्याचा काठ असेल तर त्याची पट्टी मुठीला गुंडाळावी. नवरीचा तळवा दिवसभर त्या काठावर असतो.

पाहुण्यांनी काय आणावं

स्वागत समारंभात पाहुण्यांनी दिलेले बुके मंचामागे ढिगाने साचतात, दुसऱ्या दिवशी हॉलवाला ते प्लास्टिकसकट कचऱ्यात टाकतो. पत्रिकेवर नुसतं 'पुष्पगुच्छ आणू नयेत' लिहिलं की लोकांना रिकाम्या हाती यायला संकोच वाटतो आणि ते आणतातच. त्याऐवजी काय आणावं ते लिहा. मुरबाडजवळच्या एका लग्नात 'आपल्या शेतातलं मूठभर गावठी बियाणं आणावं' असं छापलं होतं. लोकांनी भात, वाल, काकडी, दुधी, भोपळा असं बियाणं कागदाच्या पुड्यांत नाव लिहून आणलं. सह्याद्रीपलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशा गावठी बियाण्यांची बँकच उभी केली. २०२० च्या पद्मश्रीने त्यांचं नाव सगळीकडे गेलं, त्यामुळे लोकांना कल्पना चटकन कळली.

व्याह्यांना सीमांतपूजनात द्यायचा गुच्छ भाजीचा करावा. कोवळी भेंडी, हिरव्या मिरच्या, लिंबं, कढीपत्ता, भोवती गवती चहाची पाती. भेंडीचे देठ हिरावर घट्ट बसतात. गवती चहा चुरगळला की वास सुटतो. भाजी त्याच दिवशी तोडलेली हवी आणि ती नीट धुतलेली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ती व्याह्यांच्या चुलीवर जाते.

लग्न झाल्यावर

दाण्यांचा बुके लग्नाच्या रात्रीच उंच टांगा, खाली ठेवलात तर सकाळी उंदरांनी फस्त केलेला असतो. ताज्या फुलांचा भाग सोडवून झाडाच्या बुंध्याशी टाका. लोकरीचे गोंडे काढून ठेवा, पोळ्याला बैलांना होतात. सावरीच्या फुलांचे हीर धुऊन पुन्हा वापरता येतात.

ज्यांना बुकेतलं बियाणं पेरायचं आहे त्यांनी बांधतानाच चार-पाच पुरत्या पिकलेल्या लोंब्या वेगळ्या दोऱ्याने मध्यभागी बांधाव्यात, गळणारे दाणे बाहेरच्या लोंब्या अडवतात. सुरुवातीला सांगितलेल्या त्या पोरीने नाचणीची जुडी सासरी नेली. सासर डोळखांबच्या बाजूला, घराला वरकस जमिनीचा तुकडा आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर सासूने जुडीतली निम्मी कणसं मळून राबात पेरली. निम्मी अजून त्यांच्या माळ्यावर, त्याच लाल दोऱ्यात आहेत.